ताईबाईंचं खापर

ताईबाईंच्या मांड्यांचं पंचक्रोशीत नाव होतं, आणि ते नाव दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ नये याची काळजी ताईबाईंनी चाळीस वर्षं घेतली होती. अमळनेर असो की पारोळा, लग्न म्हटलं की बोलावणं ठरलेलं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत परातीएवढी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. धुळ्याहून आलेली सून दिपमाला जवळ आली की त्या म्हणायच्या, "तू लाकडं सरकाव." बारा वर्षं ती बिचारी लाकडंच सरकवत होती.

आता ताईबाईंच्या पोटातल्या गाठीपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. गाठ जायची नाही, पण दुखू द्यायचं नाही, असं ठरलं आणि विधी नावाची नर्स आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली. घरच्यांनी ताईबाईंना इतकं जपलं, की लसूण सोलायलासुद्धा कुणी त्यांच्यापुढे ठेवीना. दुखण्यापेक्षा त्यांना याचाच त्रास जास्त होता.

"दुखतंय का, अक्का?" विधीने विचारलं.

"दुखनं कमी शे. पन आते मन्हा काय उपेग शे, ते सांग."

विधीजवळ त्याची गोळी नव्हती. "काय करावंसं वाटतं?" तिने विचारलं.

"परवा अखजी शे. मांडा करना शेतस."

दिपमाला दारात उभी होती. अक्कांना दगदग नको म्हणून यंदा अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करायचेच नाहीत, असं घरात परस्पर ठरलं होतं आणि खापर माळ्यावर गेलं होतं. "करणार कोण, अक्का?" ती म्हणाली. "तुम्ही मला कधी हात लावू दिलात?"

दुखणं सुरू झाल्यापासून घरात कुणी ताईबाईंशी इतकं खरं बोललं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं.

"चूक मन्ही शे," त्या म्हणाल्या. "खापर काढ."

अखजीच्या सकाळी विधीने सांगितल्याप्रमाणे औषध आधीच दिलं गेलं आणि ताईबाईंची खाट अंगणात, चुलीपासून चार हातांवर आली. दिपमालाचा पहिला मांडा कोपरावर लोंबला, दुसरा थेट राखेत गेला. ताईबाईंचे यजमान हिलालआबा आमरसाची वाटी घेऊन बसले होते. "फाटेल बठ्ठा मन्हा," फाटलेले सगळे आपले, असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्यांचा दिवस फार चांगला चालला होता. ताईबाई पोट धरून हसल्या.

"बोटं नको लावू. मनगट फिराव. पीठले घाई चालत नही."

पाचवा मांडा खापरावर नीट बसला, तेवढ्यात पारोळ्याचे पितांबरभाऊ नातीच्या लग्नाचं सांगायला आले. खाट पाहून त्यांनी पत्रिका पुन्हा खिशात घातली. "राहू द्या अक्का. दुसरं कोणी पाहू."

"दुसरं कसाले? लगीन कव्हय शे?"

"अजून वीस दिवस आहेत."

वीस दिवसांचा हिशेब जो तो मनातल्या मनात करत होता, आणि ताईबाईंनी तो सगळ्यांच्या आधी केला होता.

"दिपमाला ई मांडा कराले," त्या म्हणाल्या.

"मी? अक्का, मला आत्ता कुठे एक जमलाय."

"रोज पीठ भिजाड. मी शे तवलोंग शिकाडसू. मंग तुन्हा हात शेतसच."

दिपमालाने डोळे पुसले, धुराच्या नावाखाली. ताईबाईंना मात्र उद्याची घाई झाली होती. उद्या पीठ सैल भिजवायचं, परवा पुरण थोडं जास्त भरायचं. कित्येक महिन्यांनी त्यांच्याजवळ उद्याचं काम होतं. दिपमालाने सहावा गोळा हातावर घेतला. चूल मंदावली होती, आणि तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

ताईबाईंनी आबांकडे पाहिलं.

"तुम्ही काय नुसतं खाई राहिनात? लाकडं सरकावा."