सत्तावीस नंबरचं ताट

“तुम्ही दुपारी जेवता कुठे?”

मदतीच्या खिडकीतल्या बाईंनी हे दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. प्रश्न दुसऱ्याच कुणाला असावा. पण मागे कुणी नव्हतं.

“डबा असतो माझा,” ती म्हणाली. “कर्मशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसते. सावली असते तिथे.”

“डबा कशाला? तुम्हाला इथलं जेवण मंजूर झालंय. कार्ड दिलंय ना?”

“आहे की.” तिने पिशवीतून कार्ड काढून दाखवलं. पाकिटातून ते आजवर बाहेरच आलं नव्हतं. कोपरेसुद्धा करकरीत होते.

“अहो, ते दाखवायला नाही दिलं, वापरायला दिलंय.” बाईंनी एक कागद तिच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सलग पंधरा दिवस भोजनाची नोंद न आढळल्यास विद्यार्थ्याने अभ्यासक्रम सोडला असे समजून अर्थसाहाय्य बंद करण्यात येईल.

“पण मी रोज येते हो. हजेरीवर सही असते माझी.”

“ती हजेरी वर्गाची. आमच्याकडे येते ती जेवणाची नोंद. मागे काही जणांनी नाव घातलं, मदत घेतली आणि तोंड दाखवलं नाही. तेव्हा वरच्या साहेबांनी ठरवलं, सही खोटी असू शकते, पोट खोटं बोलत नाही.” बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्ही येता हे मला दिसतंय. यंत्राला दिसत नाही. आज पंधरावा दिवस आहे. दोन वाजता यादी वर जाते. त्याआधी तुमचं कार्ड भोजनगृहातल्या यंत्रावर एकदा वाजू द्या, मी नाव काढते. नाही वाजलं, तर माझ्या हातात काही नाही.”

“आणि मग?”

“मग पुढच्या सत्रात नवा अर्ज.”

पुढचं सत्र म्हणजे सहा महिने. ही मदत होती म्हणून तर तिने हातातलं काम सोडलं होतं. बसचा पास त्यातून, सासूबाईंची औषधं त्यातून, घरातला दिवा त्यातून. मदत थांबली की शिक्षणही थांबणार, इतका साधा हिशोब होता.

“एका जेवणाचा तर प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या. “त्यात काय एवढं?”

“हो, त्यात काय एवढं,” ती म्हणाली आणि कार्ड परत पाकिटात घातलं.

*

त्यात काय होतं, ते तिला माहीत होतं. याच इमारतीच्या तळमजल्यावर, भोजनगृहाच्या मागच्या मोरीत, तिने एकोणीस वर्षं ताटं घासली होती. समोर हातभर रुंद एक खिडकी. तिच्यातून उष्टी ताटं आत यायची, धुतलेली ताटं दुसऱ्या दाराने वाढपाकडे जायची. तिला सगळे मावशी म्हणायचे. प्राचार्य मावशी म्हणायचे, तिच्याहून मोठा असलेला आचारीही मावशीच म्हणायचा.

भांडी धुण्याचं एक यंत्र होतं. ते महिन्यातून एकदा रुसायचं. मग वायरमन यायचा, तोही तीन दिवसांनी, आणि दोन मिनिटांत चालू करून जायचा. ती शेजारी उभी राहून बघायची. बघता बघता एकदा त्याने झाकण काढायच्या आतच ती म्हणाली, “डाव्या बाजूची तार जळली असेल. वास तिकडून येतोय.” तीच तार जळलेली निघाली. तो हसला. “मावशी, मग तुम्हीच का नाही शिकत? वरच तर आहे वायरमनचा वर्ग.”

विनोद करून तो निघून गेला. विनोद मात्र तिच्याबरोबर घरी आला आणि मुक्कामाला राहिला. चार दिवसांनी आत्याबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, त्याचा सुगावा लागला. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण सुनेच्या मनातलं भिंतीपलीकडून वाचता यायचं.

“शिकायचंय ना तुला? मग माझ्या मरणाची वाट बघतेस का?”

“या वयात हसतील लोक, आत्याबाई.”

“हसू दे. दात किडायचे थांबतात हसल्याने.”

आणि ज्या दिवशी अर्ज मंजूर झाला, त्या दिवशी म्हातारीने बसल्या जागी, गुडघ्यावर ताल धरून, दोन ओळी जुळवल्या होत्या:

भांडी घासता घासता, हाताची गं रेघ गेली,
उजेडाच्या शाळेला, बाई, सून माझी गेली.

वर्गात पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर पहिला नियम लिहिला: हात कोरडे. तिने आपले हात बाकाखाली घेतले. एकोणीस वर्षं ज्या हातांना कोरडं राहणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ते तिने पदराला पुसले, पुन्हा पुसले. दहा-बारा दिवसांत त्यांच्या भेगा भरत आल्या. बोटांना बारीकसारीक गोष्टी कळायला लागल्या, तारेचा पीळ, स्क्रूचा आटा. इथे तिला मावशी कुणी म्हणत नसे. हजेरीत तिचा नंबर सत्तावीस, म्हणून सगळी मुलं तिला सत्तावीस म्हणत. तिला ते आवडायचं. मावशी सगळ्यांचीच असते. सत्तावीस नंबर मात्र तिचा एकटीचा होता.

*

आज जिन्याचा दिवा होता. खालच्या बटणाने लावायचा, वरच्या बटणाने विझवायचा. लाकडी फळीवर जोडणी करायची. तिच्या जोडीला चष्मेवाली होती, अठरा-एकोणीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली पोरगी.

“सत्तावीस, अहो तार पिळायचीय. माझं बोट कशाला पिळताय?”

“लागलं का गं?”

“बोट जाऊ दे. तुमचं लक्ष कुठंय?”

तिने सांगितलं. खिडकी, कागद, दोन वाजता जाणारी यादी. चष्मेवाली ऐकता ऐकता हसायलाच लागली.

“एवढंच? जा आणि जेवा! मीपण मोफत कार्डवालीच आहे. मी तर भात दोनदा मागते. पोटाला काय कार्ड दिसतं?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

तिने तार खाली ठेवली. हे ती आजवर आत्याबाईंनाही बोलली नव्हती.

“आत, मोरीत, आम्ही एक शब्द वापरायचो. मोफत जेवणाऱ्या मुलांना. पूर्वी कुपनं होती ना पिवळी, ती घेऊन ओळ आली की आचारीदादा ओरडायचे, ‘आले रे आले, फुकटे आले!’ आणि आम्ही हसायचो.” ती थांबली. “मीपण म्हणायचे. ताट जड आलं, की म्हणायचे, फुकट्यांना टाकायला काय जातंय. आता त्याच दादांपुढे ताट घेऊन उभं राहायचं?”

चष्मेवालीने चष्मा नाकावर सरकवला.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी पायाभूत वर्गाला होते मी. खिडकीतून ऐकू यायचं.”

“माझापण आवाज?”

“तुमचापण.”

पलीकडच्या बाकावर कुणाची तरी हातोडी ठकठकत होती.

“राग नाही आला?”

“आला की. पण भूक लागली की कानाला जरा कमी ऐकू येतं, सत्तावीस.” तिने तार उचलून तिच्या हातात दिली. “पिळा आता. आणि दीड वाजता माझ्याबरोबर खाली चला.”

*

रांग दारापर्यंत आली होती. हे दालन तिच्या ओळखीचं होतं, आणि नव्हतंही. टेबलांच्या कडा, खुर्च्यांचे पाय, पायाखालची फुटकी फरशी, सगळं तिने पुसलेलं. पण त्यातल्या एकाही खुर्चीवर ती कधी बसली नव्हती.

वाढपापाशी आचारी उभा होता, मोठं पोट, डोक्याला फडकं, हातात डाव. त्याने तिला लांबूनच पाहिलं आणि मान फिरवली.

“तू हो पुढे,” ती मागच्या मुलाला म्हणाली. मग त्याच्या मागच्या मुलीला, “तू जा, मला घाई नाही.” असं करत करत तिने रांगच्या रांग आपल्या पुढे सोडली. चष्मेवाली ताट घेऊन केव्हाच टेबलावर गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात दोनला बारा कमी होते. तिच्या मनात आलं, वाजू दे दोन. मोरीतली जागा आहेच. निघतानाच दादा म्हणाला होता, वर नाही जमलं तर ये परत, तुझा नळ तुझी वाट बघेल. हात परत पाण्यात घालायला कितीसं लागतं? या विचाराने तिला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच भीती वाटली.

“भांडी झाकू का?” आचाऱ्याने मोठ्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. रांगेत आता ती एकटीच उरली होती.

ती पुढे झाली. ताट समोर धरलं.

“आलात?” तो म्हणाला. एकोणीस वर्षांत त्याने तिला अहोजाहो कधी केलं नव्हतं. “आम्हाला वाटलं, वरच्या मजल्यावर गेल्यावर खालचं अन्न गोड लागत नाही माणसाला.”

“दादा, असं काय बोलता!”

“मग काय बोलू? कार्डं आल्यापासून यादीत नाव असलं की ताट राखून ठेवावं लागतं. पहिल्या दिवसापासून तुझं नाव यादीत आहे. चौदा दिवस ताट वाढून झाकून ठेवतोय. दोन वाजले की नियमाप्रमाणे टाकून द्यायचं. चौदा ताटं माझ्या हाताने टाकली मी, मावशे!”

पायऱ्यांवर बसून डबा उघडताना तिला रोज वाटायचं, आपल्या वाटणीचं एखाद्या पोराच्या पोटात जात असेल. तेवढंच तिचं समाधान होतं. उष्टं टाकणाऱ्या मुलांच्या नावाने एकोणीस वर्षं चडफडलेली बाई ती.

“मला वाटलं, तुम्ही मला फुकटी म्हणाल,” ती म्हणाली.

आचाऱ्याचा डाव हवेत राहिला. मग त्याने तो भातात खोचला.

“म्हणालो की. पहिल्याच दिवशी म्हणालो, आली नाही का आमची फुकटी अजून? तू समोर असतीस तर मला दोन शिव्या घातल्या असत्यास आणि जेवून मोकळी झाली असतीस. तू आलीच नाहीस. मग ताट झाकताना जीभच रेटेना. आता कुणालाच म्हणत नाही. या पोरांनासुद्धा नाही.” त्याने भात वाढला, त्यावर वाफाळती भाजी घातली, मग तिच्याकडे न बघता आणखी एक डाव घातला. “आणि एक सांगून ठेवतो. तुझ्या जागी आलेली बाई चांगली आहे. काल तिला कायम करून टाकलं. मोरीतली जागा भरली. आता परत यायचं नाही.”

ते तिला लागलं. एकोणीस वर्षांचा नळ एका वाक्यात दुसरीचा झाला. तिने मान वर केली तर आचारी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसत होता, आणि त्याला घाम तर आलेला दिसत नव्हता.

“बरं झालं, दादा,” ती म्हणाली.

“कार्ड लाव. दोनला चार कमी आहेत.”

तिने पाकिटातून कार्ड काढलं, यंत्रावर टेकवलं. यंत्र वाजलं. सगळ्यांचं वाजतं तसंच, बारीकसं.

*

“सत्तावीस! इकडे!” चष्मेवालीने खुर्ची पायाने मागे ढकलली.

ती बसली. पहिला घास तोंडात घातला आणि जीभ भाजली. हीच भाजी ती इतकी वर्षं खात होती, पण सगळ्यांचं उरकल्यावर, पातेल्याच्या तळाची, थंडगार. आचाऱ्याच्या भाजीला लसणाचा वास असतो, हे तिला आज कळलं.

“कशी आहे?” चष्मेवालीने विचारलं.

“गरम आहे,” ती म्हणाली. टेबलावरची मुलं हसली. एकाने विचारलं, जिन्याच्या दिव्याची मधली तार कुठे जोडायची, तर तिने बोटाने टेबलावरच आकृती काढून दाखवली.

जेवण झालं आणि ती उठली. उठता उठता हात आपोआप चालले. चष्मेवालीचं ताट आपल्या ताटाखाली, शेजारच्याचं त्याखाली, पलीकडची दोन मनगटावर. पाच ताटं झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सगळं टेबल तिच्याकडे बघतंय.

“अहो बाई,” चष्मेवाली हळूच म्हणाली, “ज्याने त्याने आपापलं न्यायचं असतं.”

तिला लाजल्यासारखं झालं. तिने एकेक ताट ज्याचं त्याच्यापुढे परत ठेवलं आणि आपलं तेवढं उचललं.

खिडकीपाशी चार-पाच जण होते. तिची पाळी आली तेव्हा आतून दोन ओले हात पुढे आले. कोपरापर्यंतच दिसले, चेहरा खिडकीच्या वर राहिला. बाहेरून हे असं दिसतं, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. ती वाकली. आत तिशीतली एक बाई होती, कपाळाला केस चिकटलेले.

“जेवलीस का गं?”

बाई दचकली. त्या खिडकीतून असं काही आत येत नसावं.

“अजून नाही,” ती म्हणाली. “तुमचं सगळ्यांचं आटोपू दे आधी.” आणि हात पुन्हा पुढे करत, “द्या ते, ताई. मागचे खोळंबलेत.”

तिने ताट दिलं आणि बाजूला सरकली. मागच्या मुलाचं ताट तिच्या ताटावर आलं, त्यावर चष्मेवालीचं, त्यावर आणखी कुणाचं. बघता बघता चळत उंच झाली, आणि त्यातलं तिचं कोणतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.