गिरिजा उठली नाही

माघ सरला होता. सागवानानं आपली पानं भुईला वाहून टाकली होती, आणि त्या उघड्या, उंच, भस्मवर्णी रानातून पळसाच्या ज्वाळा उसळत होत्या. सकाळचं कोवळं, केशरी ऊन काळी नदीच्या पाण्यावर उतरलं होतं. पाणी काळं, ऊन केशरी. आणि काठच्या खडकावर गिरिजा उभी होती.

शिसवीवर्णी गिरिजा. कुटिलकुंतला, विशालस्कंधा, आठव्या महिन्याच्या भारानं मंदगामिनी झालेली गिरिजा. शतकांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साखळदंडांत आणलेली माणसं बंधनं झुगारून या अरण्यात शिरली आणि अरण्याचीच झाली. त्या सिद्दींची ही लेक.

पोटातल्या जिवानं लाथ मारली. ती हसली. आणि हसता हसता, भर उन्हात, तिच्या डोळ्यांपुढं ठिणग्या उडाल्या.

तिनं खडक धरला. पावलं दोन दिवसांपासून सुजली होती. हातातल्या बांगड्या फिरत नव्हत्या.

"काय गो, का थांबलीस?" मागून कळशी घेऊन येणाऱ्या सुब्बीनं, तिच्या आईनं, विचारलं.

"डोळ्यांपुढं काजवे चमकतायत, आई. डोकं कालपासून ठणकतंय."

सुब्बीच्या कमरेवरची कळशी खाली आली. पाणी वाळूत जिरलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या लेकीनं, यशोदेनं, हेच सांगितलं होतं. इस्पितळानं तिला परत पाठवलं होतं. दोन दिवसांनी झटके आले. आणि एकाच पहाटे त्यांच्या घरातून दोन जीव निघून गेले, एक नाव असलेला, एक नाव नसलेला.

"चल," सुब्बी म्हणाली. कळशी तिनं तिथंच सोडली.

गिरिजेचा नवरा मंजुनाथ सुपारीच्या बागेत कामाला होता. त्याला निरोप धाडून मायलेकी पहिल्या बसनं तालुक्याला गेल्या.

इस्पितळाचा व्हरांडा लांब होता, पांढरा होता, फिनेलच्या वासानं कोंदला होता. भिंतीलगत एक लाकडी बाक. बाकावर गर्भभारनम्र बायकांची रांग. गिरिजेची पाळी आली तेव्हा सिस्टरनं वर पाहिलं, तिच्या केसांकडं पाहिलं, तिच्या रंगाकडं पाहिलं; तिच्या सुजलेल्या पावलांकडं मात्र पाहिलं नाही.

"डोकं दुखतंय? अगं, तुम्ही सिद्दी बायका. रानातल्या. काटक. तुम्हाला कसली दुखणी! लिंबूपाणी पी, पडून राहा. मंगळवारी ये."

सिस्टरचा स्वर क्रूर नव्हता. तो सवयीचा होता. आणि सवय ही क्रौर्याहून शांत, क्रौर्याहून चिवट असते.

सुब्बीनं पदर सावरला. तिचे पाय आपोआप दाराकडं वळले.

गिरिजा उठली नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "माझ्या ताईला याच बाकावर हेच सांगितलं होतं. ती उठली, घरी गेली, आणि मेली. मी उठणार नाही. माझ्या दंडाला पट्टा बांधा, प्रेशर बघा. मग मला काटक म्हणा."

"आवाज खाली कर."

"आवाज आहे तेवढाच आहे."

 रांगेतल्या एका बाईनं सुब्बीचा हात धरला आणि तिला परत बाकावर बसवलं. दुसरी म्हणाली, "बघा ना हो सिस्टर, एवढं म्हणतेय ती." गिरिजेनं हात पुढं केला होता. कृष्णकांती, घनगोल हात. विनंतीचा नव्हे, हक्काचा हात. तो तसाच राहिला. खाली आला नाही.

आतून डॉक्टर शैलजा बाहेर आल्या. त्यांनी स्वतः पट्टा बांधला. फुगा दाबला. पारा चढला, चढला, चढतच गेला.

एकशे सत्तरवर एकशे दहा.

"डोकं कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या सकाळी तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. गिरिजेनं उत्तर दिलं, आणि मग ती रडली.

इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत सिस्टर पाण्याचा पेला घेऊन आली. "चुकलं माझं," ती खालमानेनं म्हणाली.

गिरिजा पाणी प्याली. "आता पुढच्या बाईचं आधी प्रेशर बघा," ती म्हणाली.

जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात, सूर्य कलायच्या आत, पोट उघडून मूल काढलं. मुलगी. दोन किलोलाही थोडी कमी. ओंजळीएवढी, पण आक्रोश सगळा मजला हलवणारा. धापा टाकत पोचलेल्या मंजुनाथनं तो जिन्यावरूनच ऐकला आणि तिथंच पायरीवर बसला.

मग उबेचे दिवस. गिरिजेचं प्रेशर रोज थोडं उतरत गेलं. नर्सनं शिकवलं तसं तिनं लेकीला उघड्या छातीशी बांधलं. त्वचेला त्वचा, श्वासाला श्वास. काळोखावर काळोख ठेवावा आणि दोन्ही उजळावेत, तशा त्या दोघी. थेंब थेंब दूध उतरलं. कधी लेक प्यायची, कधी थकून झोपायची, आणि गिरिजा मिनिटामिनिटाला तिच्या नाकपुडीपाशी बोट धरायची. भीती होतीच. पण ती भीती आता एकटी नव्हती. तिच्या शेजारी विश्वास बसला होता.

शेजारच्या खाटेवरची बाई वाकून म्हणाली, "काळी आहे, पण गोड आहे हो."

"पण कशाला?" गिरिजा हसली. "काळी आहे आणि गोड आहे."

तीही हसली. "खरंच की!"

चैत्रात बारसं झालं. साऱ्यांना वाटत होतं, मावशीचं नाव ठेवावं. गिरिजा म्हणाली, "ताईचं नाव ताईचंच राहू दे. हिला हिचं नवं आयुष्य." आणि तिनं लेकीच्या कानात सांगितलं, "विजया."

तिसऱ्या प्रहरी अंगणात दमामी वाजला, सिद्दींचा तो मोठा, गंभीरनाद ढोल. बायका कडं करून नाचू लागल्या. यशोदा गेल्यापासून सुब्बी कधी नाचली नव्हती. आज तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि ती कड्यात शिरली.

एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. वृद्ध टाचा, भेगाळ टाचा, तालबद्ध टाचा. धूळ उठली, कलत्या उन्हात सुवर्णरेणूंसारखी उठली, आणि त्या सोनेरी धुळीत, काळ्याभोर बायकांच्या मधोमध, एक म्हातारी आई गरगर, गरगर फिरत राहिली.