लेओंसचे पिवळे पट्टे

त्या आठवड्यात चिखलाने माखलेली माणसं तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सोलांजचं डोकं फिरलं. या वेळी नवराबायको होते, आणि बापाच्या खांद्यावर पेंगुळलेली एक लहान मुलगी. बाई फार अदबीने म्हणाली, "माफ करा मादाम, पक्षी बघायची ती लाकडी खोपी कुठे आहे हो?"

"खोपी मोठ्या तळ्यावर. दोन किलोमीटर मागे राहिली. हे माझं स्वयंपाकघर आहे," सोलांज म्हणाली. "मी कांदे चिरतेय, दिसतंय ना?"

"पण पिवळे पट्टे तर इथेच येतात," नवरा म्हणाला. "तुमच्या फाटकाच्या खांबावरसुद्धा आहे एक."

सोलांजने त्यांना चार शब्द सुनावले, पाणी दिलं, पावात बकरीच्या दुधाचं चीज घालून दिलं आणि वाटेला लावलं. बोलणं आणि खाऊ घालणं ही दोन कामं तिला वेगवेगळी कधी जमलीच नाहीत. मग फाटकाशी जाऊन पाहिलं. खांबाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा पिवळाजर्द पट्टा होता, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. असा पट्टा अख्ख्या ब्रेन परगण्यात एकच माणूस मारत असे, आणि तो तिचा नवरा होता.

ब्रेन हा फ्रान्समधला तळ्यांचा मुलूख. तळं संपलं की ओकचं रान, रान संपलं की लव्हाळ्यांची दलदल, आणि पुन्हा तळं. नवख्या माणसाला सगळं सारखंच दिसतं, म्हणून गावच्या भटकंती-क्लबाने चालणाऱ्यांसाठी झाडांवर खुणा केलेल्या असतात. प्रत्येक स्वयंसेवकाकडे वाटेचा एक टप्पा. दर वसंतात तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं आणि पट्टा नव्याने रंगवायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात, की एका झाडावर दोन पट्टे, एक जाणाऱ्यासाठी, एक येणाऱ्यासाठी. लेओंसने सुतारकाम सांभाळून हा अकरा किलोमीटरचा टप्पा एकतीस वर्षं राखला होता. सोलांज त्याच्याबरोबर पाणचक्कीच्या पुढे कधी गेली नाही. "मी माणसाशी लग्न केलं, दलदलीशी नाही," असं ती चारचौघांत सांगायची आणि लेओंस मान डोलवायचा.

दुपारी क्लबचा अध्यक्ष तिएरी आला. हा पूर्वी शाळेची बस चालवायचा. आत न येता उंबऱ्यावरच टोपी फिरवत उभा राहिला.

"सोलांज, हे बोलायचं माझ्या अगदी जिवावर आलंय."

"मग बोलू नकोस."

"रविवारी क्लबची मोठी सहल आहे. दीडशे माणसं येतील. ती सगळी तुमच्या स्वयंपाकघरात आली तर?"

"दीडशे? कांदे पुरायचे नाहीत रे."

"थट्टा नाही करत मी. लेओंसनी दुफाट्यापासून भलतीकडेच पट्टे मारलेत. त्या बाजूला बंधाऱ्याखाली कमरेएवढा चिखल आहे. एखादं पोर घसरलं तर?" त्याने आवाज खाली आणला. "त्यांचं हल्ली... तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते. शनिवारपर्यंत पट्टे बुजवून घ्या. नाहीतर टप्पा दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. मला आवडेल का ते? नाही आवडणार. पण द्यावा लागेल."

सोलांजला चांगलंच कळत होतं. कॉफीत मीठ पडलं होतं. सख्ख्या बहिणीचं नाव लेओंसच्या जिभेवर येता येता राहिलं होतं. दोन महिने ती हे सगळं हसण्यावारी नेत होती, लोकांसमोर त्याची वाक्यं पुरी करत होती. पण टप्पा गेला तर तो खिडकीत बसेल, आणि एकदा खिडकीत बसला की उठायचा नाही.

लेओंस सकाळीच बाहेर पडला होता. तिने पट्टे बुजवायचा तपकिरी रंगाचा डबा घेतला, दोन मोजे चढवून त्याचे जुने रबरी बूट पायात घातले आणि निघाली.

फाटकाचा पट्टा बुजवला. पुढच्या ओकवर काहीच नव्हतं. त्याच्या पुढेही नाही. पन्नास पावलं गेल्यावर चिखलातून बूट उपसताना ती सहज मागे वळली, तर मघाच्याच ओकवर पिवळा पट्टा लखलखत होता, पलीकडच्या अंगाला. "वा रे सुतारबुवा," ती पुटपुटली, मागे गेली, बुजवला. मग तेच. पुढे जाताना झाडं कोरी, वळून पाहिलं की पिवळी. सात पट्टे बुजवून होईपर्यंत तिने लेओंसला सात वेळा शिव्या घातल्या. एकतीस वर्षं केलं आणि दुसरी बाजू रंगवायची विसरला!

आठव्या झाडाशी ब्रश उचलला आणि तिचा हात तिथेच राहिला. लेओंस बहिणीचं नाव विसरेल, पण झाडाची दुसरी बाजू विसरणार नाही. या वाटेवर जाणाऱ्यासाठी एकही पट्टा नव्हता. सगळे येणाऱ्यासाठी होते. रानातून घरी येणाऱ्यासाठी.

तिने डबा खाली ठेवला आणि झाडाला टेकून रडली. मग नाक पुसलं आणि डबा उचलून त्याच्या सकाळच्या पावलांमागे पुढे गेली. आठव्याला हात लावला नाही, नवव्यालाही नाही.

दुफाट्यावर लेओंस एका ओंडक्यावर बसला होता. पायाशी त्याची रंगाची पिशवी. तिला पाहून तो इतका चकित झाला की उठायचंही त्याला सुचलं नाही.

"तू? इथे? आणि हे बूट माझे ना?"

"तुझेच. आत अर्धं तळं घेऊन आलेय." ती त्याच्या शेजारी बसली. "कधीपासून, लेओंस?"

तो काय ते समजला.

"फेब्रुवारीत," तो म्हणाला. "इथेच उभा होतो. दोन वाटा, आणि दोन्ही अनोळखी. पाऊण तास उभा होतो गं. शेवटी वाऱ्यावर कुठूनशी घंटा ऐकू आली, तिच्या रोखाने चालत आलो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू बाहेर सोडलं असतंस?"

"नसतं सोडलं."

"मग?"

तिने एक बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. तिच्या हातावरचे तपकिरी डाग त्याला दिसले. "किती बुजवलेस?"

"सात. घराजवळचे."

"चालतील. तिथून आपलं धुराडं दिसतं."

मग तिने तिएरीचं म्हणणं सांगितलं. बापाच्या खांद्यावर पेंगुळलेल्या मुलीचंही सांगितलं. लेओंसचा चेहरा उतरला. "बंधाऱ्यावरून आली ती? लेकरू घेऊन?" तो उठला, तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. "तिएरीचं बरोबर आहे. लोक पट्ट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. खोटा पट्टा मारणारा माणूस मी नव्हे."

"अरे, राहू दे. मी तिएरीशी बोलते, काहीतरी—"

"मी मारले, मीच बुजवणार."

दुफाट्यावरच्या पहिल्या झाडावरचा पट्टा त्याने सावकाश, चारी कडा सांभाळून बुजवला. खोडात रंग असा मिसळला की तिथे काही होतं हे कुणाला कळू नये. मग ब्रश खाली करून तो तिच्याकडे वळला.

"आता?" त्याने विचारलं. उभ्या आयुष्यात त्याने तिला असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"आता मी येणार तुझ्याबरोबर. रोज."

"तुला वाट कुठे येते?"

"नाही येत. तू शिकव. तुला येतेय तोवर मला शिकवून ठेव. मग पुढे मी नेईन तुला." ती डबा उचलून उभी राहिली. "आणि तिएरीला सांगायचं, या टप्प्यावर आता दोन नावं लिही म्हणून."

लेओंसने तिचे गाल दोन्ही हातांत धरले. पिवळा रंग लागला, तपकिरीही लागला. "चिखल आवडत नाही ना तुला," तो म्हणाला.

"अजिबात नाही. चल."

पट्टे बुजवत बुजवत दोघं घराकडे निघाली. लेओंस पुढे, ती मागे. प्रत्येक वळणावर तो थांबून समजावून सांगे. "हे पाण्याकाठचं झाड बघ, दोन बुंध्यांचं. इथे डावीकडे. उजवीकडे गेलीस की संपलीस. आणि ऐक, बेडूक एकदम गप्प झाले की समजायचं, आपण पाण्याच्या फार जवळ आलो." कित्येक महिन्यांत तो इतका बोलला नव्हता. वाक्यंही सगळी पुरी होत होती, तिला एकही भरावं लागलं नाही.

बंधाऱ्याच्या टोकाशी तो वळला आणि मास्तरासारखा भुवया उंचावून म्हणाला, "सांग, आता कुठे?"

"उजवीकडे."

"अगं वेडे, तिकडे दलदल! काठ धरून चालायचं, पाणी नेहमी उजव्या हाताला. लक्षात ठेव."

"ठेवलं."

लाल दगडांच्या टेकाडापाशी त्याने पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी सोलांजला उत्तर येत होतं. पाणी उजव्या हाताला होतं, वाट डावीकडे गेली होती आणि तिच्यावर त्याची सकाळची आणि तिची मघाची पावलं उमटलेली होती. तिने ती वाट मनात नीट घोकली. आज, उद्या, रोज घोकणार होती.

मग त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "उजवीकडे?"

"कपाळ माझं!" लेओंस मोठ्याने हसला, आणि तिचा हात धरून तिला डावीकडे घेऊन गेला.