वाटणीचे स्पीकर

आमच्या बुढ्याले वाटणीचा भारी शौक. सहा वर्षांआधी त्याची अन् त्याच्या लहान भावाची वाटणी झाली, तेव्हा त्यानं बांध्या, म्हणजे धानाची शेतं, वाटल्या, बैल वाटले, पितळेच्या गंजापासून सुपापर्यंत सगळं अर्धं-अर्धं केलं अन् अंगणात मधून भिंत घातली. शेवटी उखळ-मुसळ उरलं. मी म्हटलं, हे राहू द्या एकाच्या घरी. तर नाही. उखळ आमच्याकडे अन् मुसळ लहान्याकडे. आता मिरच्या कुटायच्या कशा, हे काही त्याच्या डोस्क्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, माझ्या जावेच्याही आलं होतं, पण आम्ही चूप राहिलो. मुसळ मागायच्या नावानं मी तिकडे जात होती, उखळाच्या नावानं ती इकडे येत होती. भाऊ भावाशी बोलत नव्हता, अन् आम्ही दोघी मिरच्या कुटत घंटा-घंटा बोलत होतो.

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण नाही घेतलं तर कोण कोणता ते तुमाले समजणार नाही, म्हणून घेते. माझा बुढा केवळराम. त्याचा लहान भाऊ छोटेलाल. माझी जाऊ सुलोचना, अन् तिची एकुलती पोरगी हर्षा. मी शामकला. गाव आमचं आमगावपासून दोन कोसावर.

वाटणीनंतर त्याच साली भांडण झालं ते कशाचं, तर दोघांत एकच असलेल्या बोअरच्या पाण्याचं. उन्हाळी धानाले पाणी द्यायची पाळी आमची होती अन् छोटेलालनं पाणी आपल्या बांधीत सोडलं. बस, एवढंच. पण बुढ्याच्या तोंडाले लगाम कुठं आहे. भर अंगणात बोलला, "आजपासून तुझा आवाज माझ्या घरात आला नाही पाहिजे."

छोटेलाल मोठा मानी माणूस. त्यानं ते मनाले लावून घेतलं. त्या दिवसापासून तो आपल्या घरात कुजबुजल्यावाणी बोले. बैलाले हाक मारायची तरी शेतावर गेल्यावर. अन् हा तोच छोटेलाल, ज्याचं गाणं ऐकायले मंडईत तीन-तीन गावची माणसं येत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, तिथं दंडार होते, नाचगाण्याचं नाटक समजा. त्यात हे दोघं भाऊ समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब गात. छोटेलाल सवाल टाके, बुढा जवाब दे. सहा वर्षांपासून ना सवाल ना जवाब.

माझं म्हणणं होतं, नका गाऊ, मरा तिकडे. पण यंदा हर्षाचं लग्न जमलं. पोरीचा मोठा बाप, सख्खा चुलता, भिंतीच्या अलीकडे अन् मांडव भिंतीच्या पलीकडे, असं झालं तर लोक तोंडात शेण घालणार नाहीत का? बुढा म्हणे, "मी यायले तयार आहे. पण लहान्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावलं पाहिजे. बायकोच्या हाती अक्षदा पाठवल्या तर मी उंबरा ओलांडत नाही." अन् छोटेलाल म्हणे, "ज्या घरात माझा आवाज चालत नाही, तिथं मी तोंड कसं उघडू?" घ्या. एकाले झाकावा अन् दुसऱ्याले काढावा. हर्षा माझ्याजवळ येऊन म्हणे, "मोठी आई, मोठे बाबा नाही आले तर मी बोहल्यावर चढत नाही." पोरगी चढली असती, मले माहीत आहे. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अन् ते पाहून मले बुढ्याचा असा राग आला की त्या दिवशी मी त्याच्या भाजीत मीठच टाकलं नाही.

तशात भैयाजी गुरुजी घरी आले. रिटायर मास्तर आहेत. तीस वर्षांआधी त्यांनी दोन माईकवाला टेपरेकॉर्डर घेतला होता, अन् आमच्या मंडईत एक माईक बुढ्यासमोर अन् दुसरा छोटेलालसमोर ठेवून अख्खी दंडार भरून घेतली होती. ती कॅसेट त्यांच्या नातवानं पेनड्राइव्हात उतरवून दिली. दोन्ही घरी एक-एक पेनड्राइव्ह देऊन गुरुजी म्हणाले, "मोबाईलवर ऐकू नका, मजा जाते. चांगले स्पीकर घ्या."

बुढ्यानं आधी मोबाईलवरच ऐकलं. दोघं भाऊ गाऊन राहिले हे समजत होतं, पण मच्छर गुणगुणल्यावाणी. मग गोंदियाच्या दुकानात फोन लावला. चांगल्या जोडीचा भाव ऐकला अन् कट करून टाकला. तिकडे छोटेलालचीही तीच गत, हे मले सुलोचनानं उखळापाशी सांगितलं. आम्ही दोघींनी ठरवलं, अर्धे पैसे आमच्या घरानं टाकायचे, अर्धे तिच्या घरानं. मी बुढ्याले विचारलं, अन् तो नाही म्हणणार म्हणून पुढचं भांडणही तयार ठेवलं होतं. तर बुढा लगेच म्हणे, "दोन असतात ना? मग एक माझा, एक त्याचा." वाटणीचं नाव काढलं की हा खूश.

हर्षा म्हणे, "मोठे बाबा, जोडी एकाच घरात ठेवतात."

"तू मले नको शिकवू. दोन म्हणजे दोन."

गोंदियाले आम्ही तिघं गेलो. बुढा, मी, अन् छोटेलालच्या हिश्शाची म्हणून सुलोचना. दुकानदाराचं नाव टिंकू. त्यानं पहिल्याच झटक्यात कमरेएवढा काळा स्पीकर पुढं केला, त्यात लाल-निळे दिवे पळत होते.

"अंकल, ये लो. रिमोट है, माइक है, लाइट है. घर में शादी है ना? पूरा मोहल्ला हिल जाएगा."

"मले मोहल्ला नाही हालवायचा," बुढा म्हणे. "मले माझ्या गावची ढोलकी ऐकायची आहे."

पेनड्राइव्ह लावला. धुम्म, धुम्म. धानाच्या रिकाम्या कोठीवर कोणी बुक्क्या मारून राहिला असं वाटे. गाणं कुठं आहे ते शोधावं लागे. बुढ्यानं डोळे मिटले, एक हात कानामागे धरला अन् मान हालवली. दुसरा लावला, त्यात धुम्म नव्हतं, पण घुंगरू टिनावर गारा पडल्यावाणी कानाले टोचत होते. तिसऱ्यात आवाज गोड होता, नुसता गोड. बुढा म्हणे, "हा माझा भाऊ नाही. हा रेडिओवाला कोणी आहे." मी सुलोचनाकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'माझा भाऊ' निघालं होतं, पण त्याले त्याचं भान नव्हतं.

चौथा, पाचवा. बुढ्याची एकच परीक्षा, ढोलकी खरी वाजते का. सुलोचनाची वेगळी. ती हळूच म्हणे, "बाई, सवाल टाकायच्या आधी हे मोठा श्वास घेतात. तो कशातच ऐकू नाही येऊन राहिला."

टिंकू वैतागला. "आंटी, सात हजार में और क्या मिलेगा?"

माझी हिंदी कच्ची आहे, पण राग आला की पक्की होते. मी म्हटलं, "भैया, सात हजार में तेरी लाइटिंग नहीं मांगी, रिमोट नहीं मांगा, मोहल्ला हिलाना नहीं मांगा. ये सब निकाल दे, अन् जो बचा उसका सीधा आवाज दे."

टिंकूनं दिवेवाला स्पीकर बंद केला. मग मागच्या खोलीत गेला अन् धूळ बसलेले दोन लाकडी डबे घेऊन आला, शिलाई मशीनच्या झाकणाएवढे. एकाची जाळी फाटलेली. रेल्वेचे कोणी साहेब बदली झाली तेव्हा विकायले ठेवून गेले होते म्हणे. "पुराना माल है आंटी, बास कम है, लाइट तो है ही नहीं. कोई लेता नहीं." जागा नव्हती म्हणून त्यानं काउंटरवर एकावर एक ठेवले, एका लहान अॅम्प्लिफायरले जोडले अन् सुरू केलं.

आधी ढोलकी आली. थाप वेगळी, टणका वेगळा. मग छोटेलालनं श्वास घेतला, अन् सुलोचनानं माझा हात धरला. पायातले घुंगरू, कोणाचं तरी लेकरू रडून राहिलं ते, अन् मागून एक बाई म्हणते, 'अगं सरक ना, दिसत नाही मले.' ती बाई मी होती. तीस वर्षांआधीची. मले हसू आलं अन् रडूही आलं, दुकानात दोन्ही एकदम.

 बुढ्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नाक पुसलं अन् म्हणे, "हेच बांध."

टिंकूनं पैसे घेतले अन् बजावलं, "अंकल, घर में दोनों को दूर-दूर रखना, तब मजा आएगा."

"ठेवतो," बुढा म्हणे. "चांगले दूर ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षानं तारा ओढल्या. अॅम्प्लिफायर आमच्या घरात, एक डबा आमच्या कोनाड्यात, अन् दुसऱ्याची तार वालाच्या वेलातून भिंतीवरून पलीकडे. कोणत्या डब्याची तार कुठं लागते, मले काय समजते. पण त्या पोरीनं तारा एकदा लावल्या, कान देऊन ऐकलं अन् काढून अदलाबदल करून लावल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बुढा धुतलेला सदरा घालून समोर बसला. गाणं सुरू झालं. ढोलकी वाजली, श्वास आला, अन् छोटेलालचा आवाज उठला. घरभर झाला. मडक्यापर्यंत, माळ्यापर्यंत. सवाल संपला. आता बुढ्याचा जवाब. तर कुठचं काय, नुसती कुजबूज, गावाबाहेरून कोणी बोलल्यावाणी. परत छोटेलाल, खणखणीत. परत कुजबूज.

बुढ्यानं डब्यावर टिचकी मारली. "बिघडला हा. माझा आवाज कुठं आहे?"

"आमच्या घरी," हर्षा दारातून म्हणे. "एक माईक तुमचा होता, एक माझ्या बाबांचा. तुमचा आवाज तिकडे वाजून राहिला."

"मग बदल तारा."

"आता कशा बदलू? वाटणी झाली ना."

बुढा उठला. त्यानं तारेले हात घातला. ज्या आवाजाले या घरात यायची बंदी होती, तो मधोमध उभा होता, अन् बुढ्यानं ती तार उपटली असती तर मग लग्नही गेलं अन् भाऊही गेला. मी त्याले काही म्हणणार नव्हती. सहा वर्षं म्हणून पाहिलं होतं. त्यानं तार धरली, थोडा वेळ धरूनच राहिला, अन् सोडून दिली. परत बसला.

पुढचा सवाल आला तेव्हा त्याचे ओठ हालले. त्याच्या पुढच्याले मांडीवर बोटं पडायले लागली. जवाबाची जागा रिकामी जाऊ द्यायची, हे त्याच्या रक्तातच नाही. अन् मग छोटेलालनं तो सवाल टाकला, ज्याच्यावर मंडईत शिट्ट्या पडत.

"पाय नाही तरी चाले,
तोंड नाही तरी बोले,
सांग गड्या, ते काय?"

बुढा बसल्या जागेवरून गायला.

"या बांधीचं त्या बांधीत जाते,
पाणी रे गड्या, पाणी."

जवाब पाणी होता. ज्याच्यापायी सहा वर्षं तोंड फिरवून बसले, तेच पाणी. आवाज त्याचा फाटला, वरच्या सुराले खोकला आला, पण जागा चुकली नाही. भिंतीपलीकडून त्याचाच तिशीतला आवाज तेच गात होता, दोन्ही बरोबर येऊन मिळाले. मी मोहफुलं वाळत घालत होती, तशीच मूठ धरून उभी राहिली.

आमच्या डब्यातून पुढचा सवाल उठला. अन् त्याच्या मागोमाग भिंतीवरून दुसरा आवाज आला, घोगरा, गंजलेला. जिता, डब्यातला नाही. छोटेलाल गात होता, मोठ्यानं, आपल्या अंगणात उभा राहून. सुलोचना मुसळ हातात घेऊन भिंतीशी आली अन् आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

गाणं संपलं. बुढा भिंतीकडे पाहून म्हणे, "गळा पार गंजवला यानं." थोड्या वेळानं फाटक वाजलं. छोटेलाल उंबऱ्याबाहेर उभा होता, हाताच्या ओंजळीत हळदीचे तांदूळ. त्यानं खाली मान घालून काहीतरी म्हटलं.

"काय म्हणून राहिला?" बुढा म्हणे. "ऐकू नाही येत मले."

छोटेलाल थोडं मोठ्यानं बोलला. "दादा, येत्या सोमवारी..."

"अजूनही नाही."

"काऊन छळता हो दादा."

"मंडईत बोलत होता तसा बोल," बुढा म्हणे. "त्या डब्यात तीस वर्षांआधीचा आहे तू. तो रेल्वेच्या साहेबाचा डबा माझ्या घरात इतक्या जोरात बोलते, अन् माझा भाऊ बोलत नाही. आत ये, अन् बोल."

छोटेलाल आत आला. त्यानं तो मोठा श्वास घेतला, तोच, अन् असं म्हटलं की अर्ध्या गावानं ऐकलं, "केवळरामदादा, माझ्या हर्षाच्या लग्नाले या."

"आता आलं ऐकू," बुढा म्हणे. "येतो." अन् दुपट्टा तोंडावर घेतला.

लग्न झालं. बुढा मांडवात सकाळपासून होता, आचाऱ्याशी दोनदा भांडलासुद्धा. आता दोन्ही डबे आमच्या ओसरीत आहेत, चार हात दूर-दूर, अन् मधल्या चटईवर दोघं भाऊ बसतात. डावीकडून एक, उजवीकडून एक, जसे उभे राहत तसे. भिंतीतही येण्याजाण्यापुरती वाट पाडून टाकली. परवा बुढा मले म्हणे, "आता उखळ-मुसळ एका जागी ठेवून टाका, कायले एवढी पायपीट?"

मी म्हटलं, "वाटणी म्हणजे वाटणी." अन् मुसळ मागायले सुलोचनाकडे निघून गेली.