केसरबाईंची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझे लाकूड सागाचे, चाके सायकलची. १९९६ साली चंद्रपूरच्या गफ्फारभाऊंनी आपल्या सायकलच्या दुकानात मला घडवले. पहिली चक्कर त्यांनी स्वतःच मारली आणि म्हणाले, "आता मले पायी चालाचा कंटाळा येऊन राह्यला."

मला चिमूरच्या केसरबाईंनी नेले. त्या शाळेत शिकवत. लहानपणी पोलिओने पाय गेले, तेव्हापासून त्यांना कोणी ना कोणी उचलतच आले होते. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात. उचलणारी माणसे भली होती, पण बाईंना आधी विचारत कोणी नसे. मी आले आणि बाई मनाला येईल तिकडे जाऊ लागल्या. मित्रांनो, मला ढकलायला वर्गात पाळ्या लागत. पाढा चुकला की पाळी गेली. त्या वर्षी सगळ्या वर्गाचे पाढे पाठ झाले.

२००८ साली मुंबईत त्यांच्या लेकीचा, पुनमताईचा, पदवीदान समारंभ होता. रेल्वेत चढायचे म्हणजे पुन्हा दोघांच्या हातांवर. म्हणून ताईने नागपूरहून विमानाचे तिकीट काढले आणि सोबत अपंग प्रवाशांच्या नियमांचा कागद पाठवला. नागपूरला जाताना बाईंनी तो जीपमध्ये चार वेळा वाचला.

विमानतळावर काउंटरवरच्या तरुणाने एक फॉर्म पुढे केला. 'प्रवासात काही झाले तर जबाबदारी माझी,' असे प्रवाशाच्या नावाने त्यात छापले होते.

"सही करा मॅडम. खुर्ची इथेच द्या. आमची माणसं तुम्हाला उचलून चढवतील."

बाईंनी पर्समधून लाल पेन काढला. फॉर्म पूर्ण वाचला, जबाबदारीच्या ओळीवर काट मारली आणि समासात शेरा लिहिला, 'नियम वाचून पुन्हा लिहा.' सवयीने खाली तारीखही घातली. मग ताईचा कागद त्याला जोडला.

"मॅडम, विमान निघून जाईल."

"मंग लवकर वाच, बापू."

आवाज शाळेतलाच होता, पण त्या पुन्हापुन्हा घड्याळ बघत होत्या. हे विमान चुकले असते तर समारंभही चुकला असता.

तरुण कागद घेऊन साहेबांकडे गेला. तेवढ्यात बाईंना उचलायला बोलावलेला लटारू आला. तो गडचिरोलीकडचा. त्याने हात पुढे केले नाहीत.

"बाई, कसं न्यायचं तुमाले? तुमीच सांगा."

बाईंनी मला त्याच्याकडे वळवले. मग म्हणाल्या, "उचलू नको. खुर्चीसकट नेता येते काय?"

"जेवणाचे डबे चढवाची गाडी हाये. वर जाते. रिकामीच उभी हाये. साहेब हो म्हणले पायजे."

साहेबांनी नियम वाचला, लाल शेरा वाचला आणि हसून मान हलवली.

त्या गाडीतून आम्ही दोघी हळूहळू वर चढू लागलो. "लटारू, पोळीभाजीच्या जागी मी चालली," म्हणत बाई हसत सुटल्या. विमानाच्या दारात आतल्या वाटेत मावेल अशी एक अरुंद खुर्ची आणली होती. बाई आपल्या हातांच्या जोरावर तिच्यात सरकल्या. मी खाली सामानात गेले. मुंबईत मला विमानाच्या दारात आणेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी समारंभात आम्ही पहिल्या रांगेत होतो.

यंदा बाई गेल्या. पुनमताई माझ्या चाकांना तेल देते, कधी नुसतीच माझ्याजवळ बसते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखी खुर्ची असेल तर तिला गंजू देऊ नका. आणि तिच्यात कोणी बसले असेल तर हात लावण्याआधी विचारा. उत्तर 'नको' आले तरी निघून जाऊ नका. काय हवे ते त्यांच्या पुढच्या वाक्यात कळेल.