थेंब पुसणाऱ्या ओळी

मित्रांनो, हात लावून बघावं असं माझ्याजवळ काही नाही. मी एक जुनी पायथन स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाला दिलेल्या चाळीस ओळींच्या सूचना. स्वीडनमधल्या उप्सालाच्या एका प्रयोगशाळेत, रेणूंची चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी राबते.

मला इंगेलाने लिहिलं. प्रथिनाचं चित्र उघडायचं, रंग द्यायचे आणि भोवतीचे पाण्याचे ठिपके झाडून सगळे पुसायचे, हे माझं काम. अर्ध्या दिवसाची कटकट मी चुटकीसरशी संपवी, म्हणून माझं कोण कौतुक. शेवटी पडद्यावर तिची ओळ उमटे: "झालं बाई. चला, आता कॉफी."

मग इंगेला आजारी पडली आणि गेली. ओळ मात्र उमटतच राहिली. इंगेलाच्या शेजारच्या टेबलावरचा तोर्ब्योर्न ती ओळ दिसली की थिजायचा. "इंगेलाची आहे. उघडू नका, नुसती चालवा," असं तो सगळ्यांना बजावी. चार वर्षं मला कुणी उघडलं नाही.

माझ्या माथ्यावर, पहिल्याच ओळीत, तिने आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यात एक टीप लिहिली होती; मला दुरुस्त करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. टीप माणसांसाठी असते, यंत्र ती ओलांडून पुढे जातं. ती कपाळावर घेऊन मी तिच्यात लिहिलेली चूक हजारदा केली. मला माझीच भीती वाटू लागली.

त्याच प्रयोगशाळेतली यिल्वा तीन वर्षं एक औषध घडवत होती. माझ्या चित्रातल्या प्रथिनाच्या खाचेत ते काही केल्या बसेना. येत्या शुक्रवारी ते काम सोडून द्यायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी तिने तोर्ब्योर्नला विचारलं,

"ही स्क्रिप्ट आतून कधी बघितलीस?"

"चालतेय ना? मग कशाला उकरतेस?"

"तुला तिची भीती वाटते."

यिल्वाने मला उघडलं आणि टीप मोठ्याने वाचली. 'सगळं पाणी पुसणं ही माझी चूक. खाचेच्या तळाचा एक थेंब ठेवा, औषध त्यालाच धरून बसतं. तोर्ब्योर्न, मी तुला फोनवर हेच सांगत होते.'

तोर्ब्योर्नने चष्मा काढला. "मी म्हणालो, आधी बरी हो, मग बघू."

यिल्वाने थेंब राखला. औषध खाचेत अलगद बसलं. पडद्यावर कॉफीची ती ओळ आली.

"ही ओळ काढू का?" यिल्वाने विचारलं.

"राहू दे गं."

यिल्वाचं काम वाचलं. तिच्या आधी दोघांनी मात्र माझ्यापायी हात टेकले होते, ते आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू तुम्ही जिवापाड जपता. एकदा उघडून वाचाही. इंगेला चार वर्षं पहिल्याच ओळीवर थांबली होती.