पाचवं घर

"हाई तोंड कोनं शे?" प्रमिलाबाईंनी मोठ्याने विचारलं, तशी हॉलमधल्या लोकांनी हातातल्या बशा सावरत मागे वळून पाहिलं.

देवपुरातल्या एका हॉलमध्ये पितांबरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. हा पितांबर म्हणजे कोणाला न विचारता रस्त्यावरच्या भिंती रंगवणारा. एका पुढाऱ्याच्या कंपाउंडवर त्याने खुर्चीत बसलेलं गाढव काढलं, तेव्हा पोलिसांनी त्याला उचललं होतं. पेपरात फोटो आला आणि स्वारी मोठी झाली. आता तेच पोलीस दारात बंदोबस्ताला उभे होते आणि तोच पुढारी सकाळी फीत कापून गेला होता.

समोरच्या चित्रात प्रमिलाबाई होत्या. आज बरोबर आलेल्या शेजारच्या कुंदाबाईने या चित्राचं सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटलं नव्हतं. पण नाक तेच, हनुवटीवरचं गोंदण तेच, हिरव्या काठाचं लुगडंही तेच. कोणाच्या तरी दारात पदर पसरून उभी असलेली बाई. पदर रिकामा, डोळे विझलेले आणि कपाळ कोरं. खाली चित्राचं नाव होतं, 'भीक'.

भीक! ज्या बाईने उभी हयात दवाखान्यात आयाचं काम केलं, नातू झाला म्हणून लोक खुशीने देत ते लुगडंही कधी घेतलं नाही, तिच्या तोंडाखाली हा शब्द! गेल्या नवरात्रात त्याने कुठल्याशा दारात पाहिलं असेल, पण तो पदर पसरला होता देवीसाठी. रुपचंद लहान असताना मुदतीच्या तापाने हातचा जायला निघाला, तेव्हा बाई एकवीरेला नवस बोलल्या होत्या, पोरगं वाचव, दर नवरात्रात शुक्रवारी पाच घरी जोगवा मागेन. पोरगं वाचलं. जोगवा मागणारी दारात आली की घरची बाई तिला हळदकुंकू लावते, पदरात धान्य घालते आणि वाकून तिच्या पाया पडते. भिकाऱ्याच्या पाया कोण पडतं?

पितांबर दाढी कुरवाळत पुढे आला. "बाई, हे चित्र तुमच्या एकटीचं नाही. हजारो बायांचं दुःख आहे त्यात."

"मंग हजार बायासनं तोंड काढ. मनं कसाले काढं? माले इचारं का तू?"

"कलावंत विचारत बसला तर चित्रं कधी काढणार?"

"मना मालक जिता शे, आनि तू मनं कुकू पुशी टाकं?"

कोणीतरी खुदकन हसलं. कुंकू दाखवलं असतं तर चित्राचा परिणाम कमी झाला असता, असं पितांबरने समजावलं. परिणाम म्हणे! सुवासिनीचं कपाळ पांढरं करायचं आणि वर आपण गरिबांचे कैवारी म्हणून मिरवायचं.

"तू कोठला रे भाऊ?" बाईंनी विचारलं.

"साक्रीकडचा."

"तुनी मायनी तुनाकरता कधी जोगवा मांगा नही?"

 पितांबर खाली बघत म्हणाला, "मांगा व्हता." इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या तोंडून घरची बोली आली.

"मंग खाले तुनी मायनं नाव लिख."

पितांबरने चित्राचं नाव बदललं नाही. त्याने चित्र उतरवलंही नाही. एक सुशिक्षित बाई लगबगीने आल्या आणि कचोरीची बशी पुढे करून गोड आवाजात म्हणाल्या, "घ्या ना मावशी, खाऊन जा." प्रमिलाबाई बशीकडे बघत राहिल्या. मग कुंदाबाईचा हात धरून त्या बाहेर पडल्या.

घरी रुपचंद वाट बघत होता; हॉलमधली बातमी फोनवरून त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. तो आता सरकारी ऑफिसात क्लार्क होता.

"तिथे जाऊन तमाशा कशाला केलास? आणि आता हे मागणं बंद कर, आई. ऑफिसात लोक माझ्याकडे बघून हसतात."

पितांबरचा त्यांना संताप आला होता. हे मात्र काळजाला लागलं. ज्याच्यासाठी पदर पसरला, त्यालाच त्या पदराची लाज वाटत होती. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

नवरात्रातल्या शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, ठसठशीत कुंकू लावून बाई निघाल्या. कुंदाबाईने आणि गल्लीतल्या आणखी तीन घरच्या बायांनी जोगवा घातला, पायांना हात लावला. मग प्रमिलाबाई मागे वळल्या आणि स्वतःच्याच दारात उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"अंबाबाईचा जोगवा!"

सून माहेरी होती, मालक बाजारात. रुपचंद पेपर टाकून दारात आला. आधी त्याने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

"आई, आत ये. लोक बघताहेत."

"अंबाबाईचा जोगवा," बाई पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नाही की पदर खाली आला नाही.

 रुपचंद आत गेला. स्वयंपाकघरात डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येऊ लागले. ज्वारीचा डबा वरच्या फळीवर असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलं नाही. जोगव्याला उभ्या असेपर्यंत त्या या घरच्या नव्हत्या. पदर पसरून त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या.